तीस तुकड्यांचा गोळा

४ ऑगस्ट
आजपासून रागावणं बंद. मुळात मी रागीट नाहीच. आठवीच्या वर्गात शिकवताना माझ्या हातातून कंपासपेटी सुटली आणि खिडकीची काच फोडून बाहेर गेली, एवढंच. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर लेखी कारवाई. तोवर गणित प्रदर्शन तुम्ही बघा, हात गुंतलेले बरे. म्हणजे माझं टॅलेंट ओळखलं त्यांनी.
मॉडेल ठरलं. ओरिगामीचा मोठा गोळा. चौकोनी कागदांच्या घड्या घालून तीस तुकडे, प्रत्येकाला दोन टोकं, दोन खिसे. याचं टोक त्याच्या खिशात, असे तीन गुंफले की एक शिखर. डिंक नाही. निव्वळ भूमिती आणि संयम. दोन्ही माझ्याकडे भरपूर.

५ ऑगस्ट
अकरा तुकडे केले. सात फाडले. कागद निकृष्ट.

७ ऑगस्ट, संध्याकाळी ६
मुलीला मदतीला घेतलं. पाचवीत आहे, घड्या तिरक्या. मी एक शब्द बोललो नाही. फक्त तिचे नऊ तुकडे मुठीत चुरगाळून तिच्यासमोर ठेवले. ती उठून आईजवळ गेली. बायको म्हणाली, हिला परत बोलवायचं नाही. हल्ली शिस्त कुणाला नकोच आहे.

१० ऑगस्ट
तीसही तयार. पण गोळा गोल होईना. थाळीसारखा सपाट पसरतो. अर्धा तास शांतपणे समजूत काढली. मग स्टूल उचलून टेबलावर आपटलं. स्टूल गेलं. टेबलाची काचही. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. बरंच झालं, एकांतात काम उरकतं.

१२ ऑगस्ट, मधली सुट्टी
स्टाफरूममध्ये गोळा घेऊन बसलो होतो. चित्रकलेचे सर वाकून बघत म्हणाले, एका कोपऱ्याभोवती पाच शिखरं हवीत, तुम्ही सहा लावलीत. सहा लावल्यावर सपाटच होणार. विज्ञानाच्या बाई फिस्सकन हसल्या. साठ-साठ अंशांचे सहा म्हणजे तीनशे साठ, हे मी एकोणीस वर्षं शिकवतोय. मला माहीत होतंच. कुणाच्या लक्षात येतं का ते बघत होतो.

त्याच दिवशी, दुपारी ४
चित्रकलेचे सर माझ्या मुठीवर येऊन आपटले. तीनदा. मीटरपट्टी माझ्या हातात होती, पण त्यांचा इरादा मला स्पष्ट दिसत होता. शिपायानं मला मागून आवळून धरलं, तेव्हा कुठे ते थांबले. त्यांच्या भुवईवर चार टाके. माझी करंगळी मोडली, त्याचं कुणाला काही नाही. गोळा दोघांच्या खाली आला. रक्ताचे डाग कागदावरून निघत नाहीत.

१४ ऑगस्ट
निलंबनाचं पत्र आलं. शिपायानं ते फाटकावरूनच आत टाकलं आणि पळाला. चौकशी होईल. माझी बाजू भक्कम आहे.

१९ ऑगस्ट, सकाळी ११
बायको मुलीचे कपडे न्यायला आली. मुलगीही होती. तिच्या हातात गोळा. तीस तुकडे, पाच-पाच शिखरं, कुठे फट नाही. आजोळी बसून एकटीनं केला म्हणे. मी म्हटलं, वा, घड्या किती सरळ आल्यात, दे बघू. आणि हात पुढे केला. प्लास्टर घातलेलाच.
तिनं गोळा पोटाशी धरला, पाठ भिंतीला लावली आणि डोळे मिटले. बायको मध्ये येऊन उभी राहिली. मग तिच्या मागून बारीक आवाज आला, "बाबा, तुम्ही तिथूनच बघा."
मी तिथूनच बघितला.