हिरवीचा वाटा, पांढरीचा वाटा

९ सप्टेंबर १९५६, रविवार. सौंसर

डोकं उठलं आहे. शेत, संत्र्याचे दोन बगीचे, पांढुर्ण्याच्या जिनिंगमधली भागी — सगळ्याची वाटणी पाऊण तासात झाली. कोणाचा आवाज चढला नाही. आणि मग मोटारींवर जे अडलो ते दिवेलागणीपर्यंत!

मोरेश्वर काल नागपूरहून आला. माझा धाकटा भाऊ, तिथे वकिली करतो. म्हणतो, "दादा, एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात चाललं, सौंसर मध्य प्रदेशातच राहणार. उद्या दोन राज्यं, दोन कोर्टं. कागद आत्ताच करून घेऊ." वकील माणूस. भांडण नसताना कागद.

मोटारी दोन, आणि दोन्ही दोघांच्या नावावर. हिरवी सत्तेचाळीस साली घेतली, विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून. चार सिलिंडर, तारांची चाकं, बसायला दोनच माणसं. पांढरी चार वर्षांपूर्वी एका संस्थानिकाच्या मुलाकडून आली. त्याचं संस्थान गेलं, पाठोपाठ हौसही गेली. सहा सिलिंडर, हातभर लांब नाक, आणि हिच्यातही दोनच माणसं. धावण्यासाठीच बनवलेल्या गाड्या या, सामान आणि सोयरे वाहण्यासाठी नाहीत. त्यामुळे घरात माझ्याशिवाय आणि मोरेश्वरशिवाय कोणालाच त्यांचं कौतुक नाही.

भैय्याजी, आमचे चुलते, म्हणाले, "रीत हाये तशीच करा ना. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा." म्हणजे मी दोन चिठ्ठ्यांवर दोन वाटे लिहायचे. मोरेश्वर हवा तो उचलणार. उरेल तो माझा. दिवाळीच्या पाडव्याला चिठ्ठ्या ठेवायचं ठरलं.

मला पांढरी हवी. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

१२ सप्टेंबर

रीत चांगली आहे, पण ती काढणाऱ्याकडे मोटार नसावी. बैलांचं सोपं, एक बैल उणा असला तर त्याच्यासोबत गोऱ्हा द्यायचा. इथे पांढरी उघड उघड भारी. मोरेश्वर काही आंधळा नाही, तीच उचलणार. तेव्हा हिरवीच्या वाट्यात वजन टाकणं आलं.

दुपारभर बसून यादी केली. हिरवी, अधिक पाच कोरे टायर, अधिक पान्यांची विलायती पेटी, अधिक नवं कापडी छत, अधिक मागच्या अंगणातली टिनाची शेड.

उर्मिलेने यादी वाचली. बायको असली म्हणून न विचारता वाचावी? म्हणाली, "शेड काय भाऊजी नागपूरला उचलून नेतीन?" मग यादी परत देत, "तुम्ही वाटे पाडून राहिले का गळ टाकून राहिले?"

शेड खोडली. चिडलो ते तिच्यावर नाही, स्वतःवर.

१६ सप्टेंबर, रविवार

हिरवी घेऊन पांढुर्ण्याला गेलो. हेतू एकच — मोरेश्वरपुढे वर्णायला तिचे चार गुण जमवायचे.

गुण कसले! स्प्रिंगा नाहीतच असं समजावं. रस्त्यातला प्रत्येक दगड आधी चाकाला कळतो, मग थेट माझ्या मणक्याला. पुढची काच आडवी पाडली तर तोंडात चिलट. उभी केली तर इंजिनाची ऊब छातीशी. जामसावलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाला आलेली मंडळी भोवती जमली. एक म्हातारबुवा उघड्या गाडीत वाकून बघत म्हणाले, "वरचं काम बाकी हाये का हिचं?" सांगितलं, हिला वर पक्कं छत नसतंच. त्यांना पटलं नाही.

पण फाट्याच्या पुढे वळणं लागली. आणि खोटं कशाला लिहू — स्टिअरिंग बोटभर फिरवलं की गाडी हातभर वळत होती. गिअर नुसता मनगटाने पडतो. काटा चाळीसच्या पुढे गेला नाही आणि मला वाटत होतं मी सत्तरने चाललो आहे. दार इतकं खाली की कोपर बाहेर काढून बसता येतं. पांढुर्णा आलं तेव्हा वाईट वाटलं, हे मात्र हिशेबात नव्हतं.

पुंडलिकराव जिनिंगचे फिटर. दोन्ही गाड्या त्यांच्याच हातच्या. त्यांना आडून आडून विचारलं, कोणती बरी? पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणाले, "मालक, हिरवी बिचारी सांगून बिघडते. पांढरी सांगत नाही."

१९ सप्टेंबर

पांढरी. लोधीखेड्याच्या रस्त्याला सरळ पट्टा आहे, तिथे नेली.

काय ते इंजिन! साठपर्यंत तर ती जागीच झाली नाही. सत्तरला आवाज बदलला, जड होता तो एकसारखा झाला. ऐंशी. मैलाचे दगड एकामागून एक मागे टाकत होतो. बसायला गादीसारखी, खड्डा लागला तरी नुसती मान हलवते. इतकी ताकद पायाखाली असली की माणूस आपोआप ताठ बसतो.

आता दुसरी बाजू. तळ एवढा तापतो की वहाणेतून पाय भाजले. तिसरा गिअर घाईत पडत नाही, मनधरणी करावी लागते. आणि ब्रेक! बोरगावच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. ब्रेक दाबला, गाडी विचार करत राहिली, मग पुन्हा दाबला. शेवटच्या म्हशीपासून दोन हातांवर थांबलो. म्हशीने वळूनही पाहिलं नाही. राखणदार मात्र म्हणाला, "एवढ्या जोरानं कुठं जाऊन राहिले जी?" खरं म्हणजे कुठेच नाही. लोधीखेड्याहून परत घरी.

२३ सप्टेंबर, रविवार

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून दोन्ही गाड्या सिल्लेवानीच्या घाटावर नेल्या. एक मी नेली, एक पुंडलिकरावांनी. घाटात मात्र दोन्ही पाळीपाळीने मीच चालवल्या, उर्मिला घड्याळ घेऊन शेजारी. नको नको म्हणत होती, पण डोक्याला रुमाल आधीच बांधला होता.

चढताना पांढरी सव्वासहा मिनिटं, हिरवी नऊ. अपेक्षेप्रमाणे. उतरताना पांढरीने तिसऱ्याच वळणावर दगा दिला. ब्रेक तापले, पाय पार तळाला टेकला. पहिल्या गिअरमध्ये रांगत खाली आलो, बारा मिनिटं. मागून एक लाकडांची बैलगाडी येत होती, तिचा गाडीवान आमच्यासाठी थांबला! हिरवी त्याच उतारावरून सात मिनिटांत आली, आणि शेवटच्या वळणावर मी मोठ्याने गात होतो असं उर्मिला म्हणते.

पायथ्याशी डबा खाताना म्हणाली, "हिरवीत तुम्ही माझ्याशी बोलून राहिले होते. पांढरीत एक शब्द नाही बोलले."

खरं आहे. पांढरीत गाडीशिवाय काही सुचत नाही. हिरवीत रस्ता दिसतो, झाडं दिसतात, शेजारचं माणूस दिसतं.

मला हिरवी हवी. आणि दोन आठवडे मी तिच्याच वाट्यात माल कोंबत बसलो होतो!

२४ सप्टेंबर

यादी उलटी केली. पान्यांची पेटी पांढरीकडे. टायर हलवता येईनात, ते हिरवीच्याच मापाचे. छतही तिचंच. मग पांढरीच्या वाट्यात काय घालू? ग्रामोफोन घातला. उर्मिलेने काढला.

७ ऑक्टोबर

मोरेश्वरचं पत्र आलं. चार पानं, आणि मोटारींबद्दल अवाक्षर नाही. आईचे गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागते का, प्रतिभेने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाठवलेलं तेल संपलं असेल तर दुसरी बाटली पाठवतो — हेच सगळं. वकील आहे, पत्ते झाकून ठेवतो. मीही मोटारींबद्दल काही लिहिलं नाही. आई बरी आहे एवढं कळवलं.

१४ ऑक्टोबर, दसरा

दोन्ही गाड्यांची पूजा. झेंडूचे हार, नाकावर कुंकू. आईने ओवाळलं. चौथरा उतरताना उर्मिलेचा खांदा धरला होता. दोन्ही मोटारींना सारखंच ओवाळलं, एकीलाही झुकतं माप नाही. मी बघत होतो, कारण यात काही संकेत निघेल असं वाटलं. आता मी संकेत शोधू लागलो, म्हणजे झालंच!

आई म्हणाली, "बाकी सारं झालं काय वाटून, वसंता?"

म्हटलं, "सगळं झालं आई. या दोन मोटारीच राहिल्या."

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

२२ ऑक्टोबर

पुंडलिकरावांनी पांढरीचे ब्रेक उघडून नवे बसवले. म्हणाले, "आता पहा एक डाव." पाहायला नको होतं. सकाळी सहाला निघालो, रस्ता मोकळा, हवेत गारवा. पंच्याऐंशीवर ती अशी काही शांत झाली की मला माझाच श्वास ऐकू येत होता. थांबलीही सरळ, सांगितल्या जागी. मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून एकटाच हसत होतो.

म्हणजे पुन्हा पांढरी! चौथ्यांदा यादी फाडली. उर्मिला चूल पेटवायला ते तुकडे घेऊन गेली. तेही बोलणंच.

२८ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर कोणाशी धड बोललो नाही. आज एक गोष्ट लक्षात आली. गळ टाकून उपयोग नाही, कारण मासा कोण आणि कोळी कोण हे मलाच दर चार दिवसांनी कळेनासं होतं. तेव्हा वाटे खरोखरीचे सारखे पाडायचे. असे, की कोणताही उरला तरी मला हळहळ वाटू नये. रीत बहुतेक यासाठीच असावी. मोठ्याला दोन महिने छळून सरळ करायचं.

हिरवी, टायर, छत. पांढरी, पेटी, नवे ब्रेक. दोन्ही चिठ्ठ्या एकाच अक्षरात लिहिल्या. दोन्हींतून फिरताना मन कुठेच अडखळलं नाही. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून मोरेश्वर मुंबई राज्यात, मी मध्य प्रदेशात. दोघंही आज इथेच, एकाच पंगतीत जेवलो.

३ नोव्हेंबर, पाडवा

चिठ्ठ्या देवापुढे ठेवल्या. भैय्याजी साक्षीला. मोरेश्वरने दोन्ही उघडून वाचल्या, उलट्या करून मागची कोरी बाजूही पाहिली. म्हणाला, "फार मेहनत घेतली, दादा." मी म्हटलं, उचल. तर चिठ्ठ्या घडी करून खिशात टाकल्या! "भाऊबीज होऊ द्या. आईशी बोलून सांगतो."

आईशी? आईला मोटारीतलं काय कळतं? तिने दोघींपैकी एकीचंही दार उघडून पाहिलेलं नाही. दोन महिने मी घाट तुडवले, पाय भाजून घेतले, म्हशींसमोर लाज घालवून घेतली, आणि निवाडा आई देणार! भैय्याजींकडे पाहिलं तर ते तपकिरीची डबी शोधू लागले.

५ नोव्हेंबर, सोमवार

मोरेश्वरने काल रात्री दोन्ही चिठ्ठ्या परत दिल्या. म्हणाला, "गाड्या तुम्हीच ठेवा, दादा. आई माझ्याकडे राहायला येते म्हणते."

ती इथेच राहणार हे मी धरून चाललो होतो. काहून, म्हणून विचारलं. आई रागावून बोलली नाही. "दोन महिन्यापासून तू गाड्याच पारखून राहिला, बाबू. मी कोणापाशी राहीन, हे मले एक डाव तरी पुसलं काय? त्यानं पुसलं."

आज सकाळच्या छोट्या आगगाडीने ती गेली. माझ्या दोन्ही मोटारी तिच्या गुडघ्यांना खोल पडतात, म्हणून स्टेशनपर्यंत बैलांची दमणी जोडली. बैल हळू चालत होते. मी मागे पायी गेलो.