बाण असलेली बाजू

चाचा, आज तो दगड भिंतीतून निघाला.

उत्तरेच्या दाराशेजारचा, छातीएवढ्या उंचीवरचा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याचे पापुद्रे सुटायचे थांबले नाहीत. चहात बुडवायच्या खारीसारखे ते खाली पडत, आणि नमाजाला येणारी माणसं चप्पल काढताना ते पायाने बाजूला सारत. देखभालीचं काम आता माझ्याकडे आहे. महिन्यातून दोनदा दार्सैतच्या ऑफिसातून गाडी काढून किनाऱ्याने इतक्या लांब येतो, सगळी मशीद बघतो आणि त्या दगडाकडे शेवटी जातो. गेल्या वर्षी मुलीला घेऊन आलो होतो. मान वर करून घुमटाकडे बघत तिने विचारलं, "बाबा, यातलं तुम्ही काय बिल्ड केलं?" मी मिनाराकडे बोट दाखवलं. मिनाराच्या एकाही दगडाला माझा हात लागलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी इथे आखातात, दगडांच्या यार्डात नवा लागलो तो दिवस आठवतो. तुम्ही मुरूडकडचे, गवंड्यांचे मुख्य. मी कणकवलीकडचा, दगड तपासून खूण करणारा. कापलेला दगड चारही बाजूंनी सारखाच दिसतो. तुम्ही ड्रममध्ये फोमचा तुकडा बुडवून त्याच्यावर फिरवता आणि पाणी सुकता सुकता आतले थर दिसायला लागतात, तळहातावरच्या रेषांसारखे. "बघ. खाणीत हा हजारो वर्षं असाच आडवा निजलेला. भिंतीतपण त्याला आडवाच निजवायचा. उभा केलास तर समुद्राची हवा त्याची साल काढील." मग मागच्या बाजूवर निळ्या खडूने बाण. बाण असलेली बाजू भिंतीत आत जाणार, टोक आकाशाकडे. माझ्या बाणाची शेपटी वाकडी यायची. तुम्ही हसायचात, "बाण आहे की उंदीर रे हा?" आणि बसवण्याआधी त्या दगडाला स्वतः पुन्हा पाणी लावून बघायचात.

मशिदीच्या कामावर हिंदू माणूस कसा, असं नव्या पोरांपैकी कुणीतरी विचारलं होतं. तुम्ही थापी न थांबवता म्हणालात, "दगड त्याच्या देवाचा, जागा माझ्या अल्लाची. तू सिमेंट कालव." आणि जेवताना, ताटातलं सुकट माझ्याकडे सरकवत, "आपली नावं इथे कुठे लागायची नाहीत. शंभर वर्षांनी कुणी या भिंतीला पाठ टेकून बसला आणि त्याला गार वाटलं, तर ते आपलं. एवढंच." तेव्हा मला ते बोलणं म्हाताऱ्याचं वाटलं होतं. आता उन्हाळ्यात त्या सावलीत टेकून झोपलेले ड्रायव्हर दिसतात आणि माझी पाठ गार पडते.

दोन वर्षांनी एका सकाळी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "आजपासून याच्या बाणाला मी पाणी लावणार नाय. याचा बाण म्हणजे माझा." मी त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं. आईला काही कळलं नाही, पण तिला आनंद झाला.

त्यानंतर पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवत "यल्ला, यल्ला" करतोय, ड्रम यार्डाच्या दुसऱ्या टोकाला आणि ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका. शेवटचा एक दगड राहिलाय. मी त्याच्याकडे नुसता बघतो. मला वाटतं, मला आता बघूनच कळतं. बाण काढतो, दगड जातो.

तो भिंतीत बसल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात त्याची साल सुटायला लागली. आपल्या मालकाने, अर्बाबने, सगळ्यांना दारापाशी बोलावलं आणि हा दगड कुणी बसवला, विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी."

"तपासला नव्हता?"

"पाणी लावलं नाही. चूक माझी."

का लावलं नाही, ते तुम्ही सांगितलं नाही. मी तुमच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर उभा होतो. त्या महिन्यात तुमचा व्हिसा वाढवला नाही. खलास. खोलीत तुम्ही बॅग भरत होता, मी दारात. वाटलं, आता विचाराल. तुम्ही फक्त तो फोमचा तुकडा माझ्या हातात दिलात. "सगळ्यांना लावत जा. मी सांगितलेल्या दगडालापण." दुसऱ्या पावसाळ्यात तुमच्या गावाकडून निरोप आला. दफनाला मी आलो नाही. रजा मिळाली असती.

आज गवंड्यांनी छिन्नीने सांधा मोकळा केला, दगड बाहेर ओढला, फळीवर पालथा घातला. मागे निळा बाण होता. इतक्या वर्षांत तिथे ना ऊन पोचलं ना पाणी, खडू काल लावल्यासारखा. वाकड्या शेपटीचा. गवंडी वाकून म्हणाला, "साब, ये किसने बनाया? चूहा है क्या?" सगळे हसले. मीही हसलो. मग नवा दगड आला, मी त्याला तीन वेळा पाणी लावलं, थर दिसले, पण खडू गवंड्याच्या हातात दिला. बाण त्यानेच काढला.

संध्याकाळी ऑफिसात रिपोर्ट भरला. त्यात एक रकाना असतो, बिघाडाचं कारण. तिथे मी लिहिलं, समुद्राची हवा. सही केली, शिक्का मारला.

बाण माझा होता, चाचा. पाणी मी लावलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं, आणि तेही मराठीत, जे आमच्या ऑफिसात कुणालाही वाचता येत नाही.