घोरपडीची घाई

१९ एप्रिल

घोरपडीने आज पुन्हा घाई केली. डावं वळण यायच्या आधीच हा फळीबाहेर लटकून मोकळा!

साइडकारच्या शर्यतीत कामं वाटलेली असतात. मोटरसायकलवर मी. माझ्या डाव्या अंगाला एका चाकावर बसवलेली फळी, तिच्यावर तो. डावं वळण आलं की त्याने बाहेर लटकायचं, कान रस्त्याला लागेल इतकं. नाहीतर ते चाक उचलतं आणि दोघंही आडवे. उजवं आलं की माझ्या पाठीशी यायचं. पण मी हँडल वळवल्यावर. आधी नाही. गाडी मी बांधली आहे. पंपदुरुस्तीच्या दुकानात बसून, कुठल्या वर्गात न जाता शिकलो. सांगाड्याचा एकेक सांधा माझ्या हातचा. मग वळायचं कधी हे मेहुण्याने ठरवायचं?

घोरपड म्हणजे हिचा धाकटा भाऊ. बसवर कंडक्टर. बस कितीही हेलकावली तरी हा कशाला न धरता तिकिटं फाडतो. फळीला चिकटलेला बघून हिनेच नाव ठेवलं. आज चांगलं सुनावलं त्याला. बघतो दाजी, म्हणाला. गेलं वर्षभर नुसतं बघतोच आहे!

२२ एप्रिल

कुणीतरी जॅक दाराच्या डाव्या बाजूला आणून ठेवला. नडगी सोलली. ही म्हणते, तो तिथेच असतो. माझ्या दुकानातली वस्तू कुठे असते हे आता मला ही सांगणार.

२५ एप्रिल

आम्ही तिघं शर्यतीच्या गावी पोचलो. संध्याकाळी घोरपडीला घेऊन सगळा रस्ता पायी फिरलो. डोंगराला वळसे घालत पुन्हा सुरुवातीलाच येणारा अरुंद रस्ता, दोन्हीकडे दगडी भिंत — चुकलं तर जायला जागाच नाही. पाण्याच्या टाकीपाशी डावं वळण आहे, ते सगळ्यांत वाईट. याआधी दोनदा आलो, दोन्ही वेळा अर्ध्यातून परतलो. या वेळी शेवटच्या रेषेपर्यंत जायचंच.

टाकीपाशी उभं करून त्याला बजावलं — मी वळवल्याशिवाय हलायचं नाही.

तो भिंतीपाशी जाऊन दगडांवरून हात फिरवून आला. "टाकीपाशीही नाही?"

"टाकीपाशीही नाही."

"बरं. सकाळच्या सरावात तसं करून बघू," म्हणाला. एवढंच.

२६ एप्रिल

नीट क्रमाने लिहितो.

सरावात त्याने शब्द पाळला. मी वळवेपर्यंत दगडासारखा बसून. टाकीपाशी मी हँडल वळवलं तोवर रस्ता केव्हाच वळून गेला होता. फळीचं चाक हवेत! उजवी भिंत गुडघ्याला चाटून गेली, पँटचं चामडं सोलून निघालं. गाडी सावरली कशी, देव जाणे.

परत येऊन ब्रेक खोलले. ठीक. टायर, चाकांचा रोख, हँडलचा मोकळेपणा — सगळं ठीक. असणारच, मी केलंय. शर्यतीचा तपासनीसही पालथा पडून बघून गेला. घोरपड शेजारच्या डब्यावर बसून होता. मी शेवटचा बोल्ट आवळल्यावर हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "शर्यतीत मी माझ्या वेळेला लटकणार. नाहीतर ताईला बसवा फळीवर."

ही म्हणाली, "मला बसवलं तर गाडी डावीकडे आपोआपच वळेल." कुणी हसलं नाही.

मी मान हलवली. काय करणार! अडला हरी. मनात म्हटलं, एकदा शर्यत संपू दे, मग याला सरळ करतो.

निशाण पडलं. प्रत्येक डाव्या वळणाला हा माझ्याआधी बाहेर. प्रत्येक वेळी माझ्या कपाळात तिडीक. आणि गाडी मात्र रस्त्याला चिकटून! टाकीपाशी तर विचित्रच झालं. आधी डाव्या खांद्याला ओढ लागली, मग हात वळले, मग वळण दिसलं. क्रम उलटा. दर फेरीला तोच. पण भिंती अंगावर येत असताना क्रम कोण तपासतो.

या वेळी फेऱ्यांचा बोर्ड दाखवणाऱ्यांना डाव्या कठड्यामागे उभं केलं होतं. दर वेळी उजवीकडे असतात. आमचा बोर्ड हिच्याकडे, पण किती फेऱ्या उरल्या ते हिने एकदाही दाखवलं नाही. शेवटचं निशाण एकदम समोर आलं तेव्हा कळलं, संपली! विचारलं तर म्हणते, प्रत्येक फेरीला दाखवलं. आता हिच्याशी काय वाद घालायचा.

असो. पोचलो. रेषेच्या पलीकडे, अखंड, दोघंही! शेजारच्या तंबूतला मिशाळ ड्रायव्हर मुद्दाम हात मिळवायला आला. म्हणाला, तुमची डावी वळणं बघत राहावीत अशी. मी सांगितलं, सांगाडा घरचा आहे.

 घोरपड पाणी पीत होता. निम्मं शर्टावर सांडत होतं, नजर माझ्यावर.

२७ एप्रिल

घोरपड सकाळी दुकानात हेल्मेट ठेवून गेला. आता बसणार नाही म्हणतो. शर्यत पुरी करून आल्यावर पळपुटेपणा! हिच्याशी बाहेर बराच वेळ काहीतरी बोलत होता.  जेवताना हिने पाण्याचं भांडं माझ्या उजव्या हाताला सरकवलं.

२८ एप्रिल

संध्याकाळी दोघं दुकानात आले. मला स्टुलावर बसवलं, समोरच्या खिळ्याकडेच बघायला सांगितलं. घोरपड उजवीकडे. ही शर्यतीतला बोर्ड घेऊन डावीकडे गेली.

"यावर काय लिहिलंय?" हिने विचारलं.

मी म्हटलं, "आधी वर तर धर."

 घोरपडीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, तिने मघापासून धरलाय."