दुसऱ्या बाजूवरच्या चार टाळ्या

रविवार, १२ ऑक्टोबर

ती. बाबांना,

तुमच्या छटाकचा नमस्कार, आईलाही सांगा. मी बरी आहे. जेवते, झोपते, मोजे धुते. तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते, कारण तुमच्या पत्रात तब्येतीची एकच ओळ असते आणि तीही हवामानाच्या खाली.

पत्ता बदललाय, पाकिटावर बघा. फळबागेतलं काम संपलं. मग बोटीवर तिकिटं फाडायचं काम धरलं, ते सहा आठवड्यांत सुटलं (मला बोट लागते, हे बोटीवर चढल्यावर कळलं). आता एका हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे. चादरींच्या घड्या घालायच्या. दोघींनी चार टोकं धरायची, झटकायचं, एकमेकींकडे चालत यायचं, परत मागे जायचं. दिवसभर नाचल्यासारखं वाटतं. माझी जोडीदारीण फार बोलत नाही, म्हणून तिच्याही वाटचं मीच बोलते. खोली छान आहे. खिडकीतून एका माणसाची गच्ची दिसते, तो रोज सकाळी एकाच कुंडीची जागा बदलतो. का, ते अजून कळलेलं नाही.

बघा, गेले भरकटत. तुम्ही आईला म्हणायचात, हिला मीठ आणायला पाठवलं तर मीठ कसं तयार होतं ते विचारून येईल, फक्त मीठ आणणार नाही. तर मीठ असं, की मला एक रेकॉर्ड सापडली.

इथे बाजाराच्या मागे एका तळघरात जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे. फळ्यांचे खोके, वर पुठ्ठ्यावर अक्षरं, कोपऱ्यात एक मांजर. मी आत शिरले आणि पहिली रेकॉर्ड काढून काय केलं असेल? कव्हर नाही बघितलं, नाव नाही वाचलं. तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "एकशे तीस." दुकानदारीण माझ्याकडे बघतच राहिली.

हा तुमचा वारसा, बाबा. शनिवारी दुपारी तुम्ही वजनकाट्यांचं दुकान अर्धं शटर ओढून बंद करायचात आणि आपण जिन्याखालच्या रेकॉर्डच्या दुकानात जायचो, त्याच्या मालकाला आपण भिंगच म्हणायचो. तो बिचारा भिंग लावून एकेक खाच तपासायचा, चरा दिसला तर चेहरा पाडायचा. तुम्ही मात्र रेकॉर्ड हातावर तोलून सांगायचात, एकशे चाळीस ग्रॅम, ही घे, हिला कष्ट पडलेत. गाणं कोणतं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसायचं. एकदा त्याच्या पार्सलच्या काट्याने तुमच्यापेक्षा सहा ग्रॅम जास्त दाखवले, तर तुम्ही काटाच उलटा केलात, खिशातून पेचकस काढलात आणि तिथेच दुरुस्त केलात. नंतर तुमचं बरोबर निघालं. भिंग म्हणाला होता, हा माणूस हरला तर जग दुरुस्त करेल, स्वतःचा आकडा नाही बदलणार.

माझी सगळी आवड त्या वजनांनी घडली. अजूनही हलकी रेकॉर्ड मला खोटी वाटते.

आणि मग महिन्यातून एकदा सभागृहात आपल्या गावची चौकडी. ट्रम्पेटवर पोस्टमन, पियानोवर शाळेतले कवायतीचे सर, मोठ्या बासवर औषधवाल्याची बायको, ड्रमवर न्हावी. संध्याकाळी सहाला सुरू, तिसरी रांग, तुम्ही डावीकडे आणि मी तुमच्या उजव्या हाताला. तुम्ही कामाच्या डगल्यातच यायचात. खिशात पितळी वजनं, बसताना वाजायची.

आणि तुमची टाळी. संगीत मधेच थांबलं की तुम्हाला वाटायचं संपलं. दरवेळी. एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, ते एकदम गप्प झाले की मला राहवत नाही. समोर कुणीतरी आहे हे त्यांना कळायला नको का?" दहा वर्षांची होते मी. मला ते उत्तर पटलं होतं.

जोडीदारीण बोलवायला आलीय, रविवारीही चादरी संपत नाहीत. उरलेलं नंतर.

मंगळवार

हे पत्र रविवारीच टाकायचं होतं. रेकॉर्ड सापडली एवढं लिहून, खाली "बाकी क्षेम" लिहून. पाकीटही चिकटवलं होतं. मग वाफेवर उघडलं, धुलाईखान्यात वाफेला तोटा नाही.

तर त्या खोक्यात तळाशी एक जड रेकॉर्ड लागली. एकशे ऐंशी तरी असेल. कव्हर साधं पांढरं, शिक्का मारलेला, आणि शिक्क्यात आपल्या सभागृहाचं नाव. आपली चौकडी, बाबा! त्यांनी एका कार्यक्रमाची रेकॉर्ड काढली होती, मला पत्ताच नव्हता. खाली तारीख होती. ती तारीख मी ओळखली. तुम्हीही ओळखाल.

माझ्याकडे वाजवायला काही नाही, पण घरमालकिणीकडे आहे. ती जुनी नर्स आहे. प्लेअरवर इस्त्रीचे कपडे ठेवते, ते उचलून तिने मला जागा करून दिली आणि स्वतः वाटाणे सोलत बसली. पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूवर तो लांबलचक तुकडा, ज्यात सगळे एकदम थांबतात आणि मग पोस्टमनची ट्रम्पेट एकटीच परत येते. सगळे थांबले. आणि त्या शांततेत चार टाळ्या.

तुमच्या. उजव्या हाताची दोन बोटं वीस किलोच्या वजनाखाली सापडल्यापासून वाकत नाहीत, म्हणून तुमची टाळी पोकळ वाजते, लाकडी खोक्यावर थाप मारल्यासारखी. हजारांत ओळखू येईल.

आता लिहितेच. त्या दिवशी माझ्या उजवीकडे कॉलेजातली नवी मैत्रीण बसली होती, ती कुरळी. मी सोळा वर्षांची होते आणि तिच्यापुढे मला फार शहाणं दिसायचं होतं. तुम्ही टाळी वाजवलीत, पुढच्या रांगा मागे वळून हसल्या. कुरळीने कानात विचारलं, "तुझ्या ओळखीचे आहेत का गं ते?" आणि मी म्हणाले, "नाही."

तुम्ही ऐकलंत की नाही, हे मी सात वर्षं स्वतःला विचारत आले. ऐकलं नसेल असं समजणं सोयीचं होतं. पुढच्या महिन्यात तुमचा गुडघा दुखायला लागला, नंतर दुकानात काम वाढलं, नंतर तुम्ही यायचंच सोडलंत. मीही विचारलं नाही. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा लोकांना सांगितलं, मला जग बघायचंय. तेही खरंच होतं, पण पुरतं वजन भरेल इतकं नाही.

रेकॉर्डवर माझं "नाही" ऐकू येत नाही. स्पीकरला कान लावून बघितलं. वाटलं, चला, सुटले. मग तुकडा संपला आणि सभागृहभर टाळ्या पडल्या, दोन मिनिटं तरी. त्यात मी तुमची टाळी शोधली. सुई पार त्या शांततेच्या मागे नेऊन चार वेळा ऐकलं. नाही. मग आठवलं, तुम्ही दोन्ही हात खिशात घातले होते, वजनं वाजली होती, आणि सगळे उभे राहिले तरी ते हात बाहेर आले नव्हते.

म्हणजे तुम्ही ऐकलं होतंत.

घरमालकिणीला यातलं काही माहीत नाही. चौथ्यांदा त्या चार टाळ्या आल्या तेव्हा ती वाटाण्यातून डोकं वर न काढता म्हणाली, "कोण हा उतावळा?"

मी म्हणाले, "माझे बाबा आहेत ते."

तिने शेंग खाली ठेवली आणि म्हणाली, मग परत लाव.

माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, शाळेतही मधलेच धडे माझे बुडाले. चुकले, बाबा. लाज तुमची नव्हती, माझ्यातच काही भरीव नव्हतं म्हणून हलकी झाले.

आता पुढचं ऐका, हे महत्त्वाचं आहे. काल हॉटेलच्या फोनवरून भिंगाला फोन केला. त्याने मला आवाजावरूनच ओळखलं. म्हणाला, रेकॉर्ड काढताना कवायतीचे सर ती टाळी कापा म्हणत होते, पोस्टमनने ऐकलं नाही. पोस्टमनचं म्हणणं, त्या जागी किती थांबायचं हे त्याला कधीच जमत नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा जमलं, कारण टाळी संपेपर्यंत थांबला. तेव्हापासून त्या जागी दरवेळी चार टाळ्या असतात. न्हावी काठ्या मांडीवर ठेवतो आणि वाजवतो. लोक वाट बघतात त्यांची. भिंगाच्या मते न्हाव्याची टाळी बरी आहे, पण उगीच वेळेवर पडते.

हे सांगायला तो तुमच्या दुकानात आला होता म्हणे. तुम्ही काट्यात डोकं घालून म्हणालात, वेळ नाही.

शनिवारी, २२ नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाला चौकडीचा कार्यक्रम आहे. तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या भिंगाने आपल्या नावावर ठेवल्यात आणि न्हाव्याला सांगून टाकलंय की त्या दिवशी हात आवरायचा. मी आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येतेय. धुलाईखान्यात रजा मागितली, जोडीदारीण म्हणाली जा, चादरी कुठे पळत नाहीत. सलग इतकं पहिल्यांदाच बोलली.

रेकॉर्ड या पत्रासोबत पाठवतेय. तुम्ही ती आधी काट्यावर ठेवाल, माहीत आहे मला. एकशे ऐंशीपेक्षा कमी भरली तर काटा तपासा. मग दुसरी बाजू लावा. गुडघा खरंच दुखत असेल तर तसं कळवा, मी घरी येऊन तुमच्याशेजारी बसून तीच ऐकेन. पण दुखत नसेल, तर डगला घालूनच या, खिशातली वजनं राहू देत. ते गप्प झाले की तुम्ही पहिली टाळी वाजवा. दुसरीपासून मी आहे. कुणी वळून बघितलं तर बघू दे, मी नावगावासकट सांगेन.

आईला म्हणावं, यावेळी मीठही आणते.

तुमच्या ओळखीची,
तुमच्या उजव्या हाताला बसणारी,
छटाक