कर तुला हवं ते

३ मार्च, सोमवार
आजपासून नवं आयुष्य. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या एकेका डिझाइनचं सिम्युलेशन, म्हणजे फॅन न बनवताच चाचणी, करायला ऑफिसचा कॉम्प्युटर दोन-दोन दिवस घेतो. मी जुन्या रिझल्ट्सवर एक एआय मॉडेल तयार केलंय, ते चुटकीसरशी अंदाज सांगतं. साहेबांना महिनाअखेर बिनआवाजी फॅन हवाय. बढती खिशात.

५ मार्च, दुपार
मॉडेलने पातं सुचवलं. आवाज: उणे चार डेसिबल! म्हणजे फॅन लावला की शेजाऱ्यांचा टीव्हीही हळू होणार. पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, असलं वाकडं पातं जुन्या डेटात नव्हतंच, एकदा खरं सिम्युलेशन चालवून बघा. पोटदुखी, दुसरं काय. नमुना थेट बनवायला टाकला.

८ मार्च
तीच युक्ती घरी. बायकोला काही विचारायचं म्हणजे दोन दिवस जातात, त्यातला एक अबोल्याचा. तिच्या जुन्या उत्तरांवर छोटं मॉडेल केलं. डेटा एक नंबर. बहुतेक वेळा ती म्हणाली आहे, ‘कर तुला हवं ते.’ अशा प्रत्येक उत्तरापुढे ‘होकार’ भरलं.

१२ मार्च
रविवारी साहेबांना जेवायला बोलवून फॅन आमच्याच स्वयंपाकघरात दाखवावा का? मॉडेल: होकार, ९८ टक्के. तिला विचारत बसलो नाही. केवढा वेळ वाचला.

१३ मार्च
संकल्प: बढती मिळाल्यावर मॅडमशी नम्रपणे वागायचं.

१६ मार्च, रविवार
साहेब दारात उभे राहिले तेव्हा तिला कळलं. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. मॉडेलला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.
फॅन सुरू केला. भांडी थरथरली. साहेब ओरडून काहीतरी म्हणाले, बहुधा कौतुक. फॅन बंद केल्यावर कळलं, कौतुक नव्हतं.
ते गेल्यावर मी तिला म्हणालो, नवीन पातं बसवतो. ती बॅग भरत होती. म्हणाली, “कर तुला हवं ते.” आणि माहेरी गेली.

१८ मार्च
परवा रात्रीच ऑफिसात जाऊन लावलेलं खरं सिम्युलेशन संपलं. त्यात तोच भोंगा, अगदी रविवारी ऐकला तसा. मॅडमनी रिझल्ट बघितला आणि मला चहा आणून दिला, ते जास्त लागलं.
संध्याकाळी बायकोला मेसेज केला, न्यायला येऊ का? तासाभराने उत्तर आलं. ‘कर तुला हवं ते.’
मॉडेल उघडलं. ९८ टक्के होकार. बंद केलं. या उत्तरापुढे काय भरायचं, मला खरंच कळत नाही. तिची फार आठवण येतेय.
घरात आवाज: उणे चार.