धबधब्याच्या वर नेलेला डबा

मी, सिल्वेस्टर मुझनिक, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पोडस्लाप, तिशिन्का ओढ्याचा निवृत्त राखणदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. दबाव कोणाचा नाही. असलाच तर माझ्याच मनाचा, आणि तो एकवीस वर्षांचा आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात मुख्य गोष्टच मी लिहिली नव्हती.

१. घर व मागील बाग मुलगी नेझा हिला. तिच्या आईने लावलेले नाशपतीचे झाड तोडू नये. फळे आंबट आहेत हे मला माहीत आहे. माझी बायको पावला हिलाही माहीत होते.

२. पुतण्या दामियान याने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहावी. नऊ वर्षे मागून माझे तोंड दुखले.

३. गळाला लावायच्या, मी पिसे बांधून केलेल्या सर्व नकली माश्या गावच्या मासेमारी मंडळाला. गळाला गांडूळ लावणाऱ्यांनी त्यांना हात लावू नये.

४. आता जे लिहायला बसलो ते. आमच्या ओढ्यावर धबधबा आहे. त्याच्या वरच्या पाण्यात फक्त रेघांचा, संगमरवरी ट्राउट मासा राहत असे. खालचा मासा ती उडी मारू शकत नाही, म्हणून ती जात निर्भेळ राहिली होती. वर परका मासा सोडायचा नाही हा मंडळाचा पहिला नियम, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे माझी नोकरी.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात माझा मित्र लोव्रेन्स याने त्या पाण्यात हातभर लांबीचा मासा धरला, मोजला आणि सोडून दिला. गावभर तेच. मी राखणदार, आणि माझ्या गळाला वीतभर पिल्ले. मला जळफळाट झाला, हे सरळ लिहितो. ईस्टरच्या सोमवारी गाव हॅम आणि तिखट मुळा खात बसले होते, तेव्हा मी खालून लाल ठिपक्यांचे चौदा ट्राउट दुधाच्या डब्यात घेतले आणि पाठीवर बांधून वर सोडले. मोठे होतील, पाणी भरेल, लोक माझे नाव घेतील, असे मला खरेच वाटले होते. उतरताना पाय घसरला म्हणून डबा तिथेच ठेवला, आणि पुन्हा आणायला गेलो नाही. डबा लोव्रेन्सचा होता. त्याच्या गोठ्यातून न विचारता आणलेला.

दोन वर्षांनी वर ठिपक्यांचे मासे दिसले आणि डबाही सापडला. मंडळाने मला विचारले. मी म्हणालो, "डबा लोव्रेन्सचा आहे." एवढेच. वाक्य खरे होते, म्हणूनच ते मला कधी पचले नाही. त्याचा परवाना कायमचा गेला. एकोणीस वर्षे तो पाण्यात उतरलेला नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी पुलावरून पहिला गळ सर्वांत वयस्क सभासदाने टाकायचा असतो. लोव्रेन्स माझ्याहून वर्षाने मोठा. सहा वर्षे तो गळ मी टाकतो आहे, आणि लोक टाळ्या वाजवतात.

आता वरच्या प्रत्येक माशावर रेघाही आहेत आणि ठिपकेही. ती जात परत येणार नाही. याबद्दल मला क्षमा मागायलाही तोंड नाही.

५. <s>माझी गळाची बांबूची काठी लोव्रेन्स याला.</s>

६. <s>माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी नेझाने कलम ४ पुलावर मोठ्याने वाचावे.</s>

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली. साक्षीसाठी पोस्टातली अलोइझिया आणि तिचा नवरा यायचे होते. नवऱ्याला ताप, म्हणून ती वाटेत भेटलेल्या लोव्रेन्सलाच घेऊन आली. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. त्याने चष्मा लावला आणि सगळे वाचले. मी अडवले नाही. दोनदा वाचून त्याने पेन मागितले.

अलोइझियाने त्याला सांगितले की काठी मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही.

"मग काठी खोड, सिल्वो," तो म्हणाला. "याला साक्ष माझीच हवी."

मी कलम ५ खोडले. त्याने कलम ६ वर बोट ठेवले.

"मेल्यावर पोरीला पुढं करतोस होय रे? परवा सोमवारी हंगाम उघडतोय. तूच वाच. मी समोर उभा राहतो."

म्हणून कलम ६ही खोडले. कलम ४ मी स्वतः, जिवंतपणी, पुलावर उभा राहून वाचेन. त्या दिवशी पहिला गळ मी टाकणार नाही.

स्थळ: पोडस्लाप
दिनांक: ३० मार्च २०१९

सही: सिल्वेस्टर मुझनिक

साक्षीदार:
१. अलोइझिया बिझ्याक
२. लोव्रेन्स क्लावोरा (वाचून सही केली. डबा माझा होता.)