शेवट सांगायचा नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
गीता पुण्याला यशोधराच्या बाळंतपणाला गेली त्याला पाच महिने झाले. सव्वा महिन्याचं बोलली होती. नातू पालथा पडायला लागला तरी बाळंतपण चालूच. जाताना म्हणाली, चौतीस वर्षांत एक सिनेमा तुम्ही मला धड बघू दिला नाही, शेवट आधीच सांगून मोकळे. आता राहुरीत बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने उत्तर येत असताना गप्प बसायचं कसं? तरी आजपासून बंद. शेवट सांगायचा नाही.

५ नोव्हेंबर, दुपारी ४
शोध लागला. आमचं सगळ्यांचं ओटीटी जावई पंकजरावांच्या एकाच पासवर्डवर. गीताच्या नावाचं खातं उघडलं की ती काय बघते, किती मिनिटांवर थांबली, सगळं इथे अहिल्यानगरात, सावेडीत दिसतं. म्हणजे रोज भेटल्यासारखंच. ठरलं. तिचे अर्धवट सिनेमे आपण पुरे करायचे. फोनवर बोलायला विषय होईल.

६ नोव्हेंबर
मल्याळी, हिंदीत डब केलेला. कोळ्याची बायको रुसून माहेरी जाते. गीता अडतिसाव्या मिनिटाला थांबलेली, तिथून पुढे बघितला. फोटोग्राफी छान, पाणी फार. शेवटी बायको परत येते. गीताने नेमका हाच का लावला असेल? तिला मला काहीतरी सुचवायचंय. डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होतो, तेही असेल.

९ नोव्हेंबर
कोरियन. एवढा खून झालाय आणि सगळे निवांत नूडल्स खाताहेत. खुनी डॉक्टर. मी दहाव्या मिनिटाला ओळखला, पण शेजारी सांगायला कोणी नाही. सोफ्याला सांगितलं.

११ नोव्हेंबर
फोन केला. यशोधराने उचलला. आई वैतागलीय म्हणाली. अर्धा ठेवलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी लावावा तर थेट शेवटच्या पाट्या. पंकजराव टीव्हीवाल्याशी भांडताहेत. मी म्हणालो, पुण्याची हवा दमट, आत ओल गेली असेल. कबूल करणारच होतो, पण बाळ रडायला लागलं. गीता फोनवर आली नाही.

१४ नोव्हेंबर, दुपारी ३
मराठी. म्हातारी अंथरुणावर, मुलं-सुना गावी जमतात. गीता एक्केचाळीस मिनिटांवर. हात लावणार नाही. लावला तर नावाचा उत्तम नाही.

३.२०
फक्त पाच मिनिटं.

५.१०
म्हातारी गेली. लई रडलो. दिग्दर्शक मात्र अजून बैलगाडीतच, गावात एक ट्रॅक्टर नाही. रिमोटने परत एक्केचाळीसवर आणायला गेलो, चौदावर गेला. राहू दे. उजळणी होईल तिची.

१६ नोव्हेंबर
टीव्ही पासवर्ड मागतोय. यशोधराचा मेसेज: खात्यावरच्या टीव्हींच्या यादीत अहिल्यानगरचा टीव्ही सापडला, पासवर्ड बदललाय, पप्पा तुम्ही पण ना. म्हणजे गीतालाही कळलं. आता ती कसली येतेय. दिवसभर जेवलो नाही. खारी खाल्ली, ती धरत नाहीत.

१७ नोव्हेंबर
तिच्याशिवाय घर खायला उठतं. सिनेमाही नाही, मिनिटंही नाहीत. काल काय बघितलं असेल तिने?

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
गीताचा फोन! आपणहून. रागावली नव्हती, हसत होती. म्हणाली, तिकडे एकटेच माझे सिनेमे बघत बसत होता होय. गुरुवारच्या एसटीने येते. म्हातारीचा सिनेमा तसाच ठेवलाय, नवा पासवर्ड घेऊन येते, दोघं मिळून बघू. फक्त तोंड बंद ठेवायचं. मी शपथ घेतली. एवढा आनंद झाला की म्हणालो, लवकर ये, आणि येताना चार रुमाल आण, म्हातारी मरते शेवटी.

मग म्हणाली, बाळाला दात येताहेत, डिसेंबरात बघू.

एवढं काय त्यात? धाकट्या सुनेने औषध लपवलेलं असतं, ते तर मी सांगितलंच नाही.